रुतलेल्या नखाची शस्त्रक्रिया: नख, मूळ आणि मांस

पायाच्या अंगठ्याच्या नखाची बाजूची कड शेजारच्या मांसात रुतून तेथे जखम, सूज आणि पू होणे हा विकार ऐकताना किरकोळ वाटतो. परंतु ज्याला तो जडतो त्याला बूट घालणे, जिना उतरणे, गर्दीत उभे राहणे, फार काय रात्री अंगठ्यावर पडलेले पांघरुणाचे ओझे सोसणेही कठीण होऊन बसते. वैद्यकात 'ऑनिकोक्रिप्टोसिस' या नावाने ओळखला जाणारा हा विकार प्रामुख्याने किशोरवयात आणि ऐन तारुण्यात, म्हणजे पाय सर्वांत जास्त राबत असतानाच्या काळात आढळतो. त्याच्यासाठी गेल्या दीड-दोनशे वर्षांत शस्त्रक्रियेच्या अनेक पद्धती सुचवल्या गेल्या, त्यांतल्या काही टिकल्या आणि बऱ्याच मागे पडल्या. इतक्या पद्धती निघाल्या त्यामागे एका मूलभूत प्रश्नावरील मतभेद आहे: दोष नखाचा, नख तयार करणाऱ्या मुळाचा, की नखाभोवतीच्या मांसाचा? कोणती शस्त्रक्रिया करावी हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, आणि आजही सर्रास केले जाणारे 'नख काढून टाकणे' हा प्रश्न विचारतच नाही, म्हणून ते पुष्कळदा फसते.

हे समजण्यासाठी नखाची रचना थोडी बारकाईने पाहावी लागते. डोळ्यांना दिसणारा कठीण भाग म्हणजे नखपट्ट. तो केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींच्या थरांचा बनलेला असून त्याला रक्तपुरवठाही नसतो आणि संवेदनाही नसते. ज्या गुलाबी पृष्ठभागाला तो चिकटलेला असतो ती नखशय्या, आणि ज्या जिवंत पेशींपासून तो तयार होतो ते नखाचे मूळ, म्हणजे परिभाषेतील जननस्तर. जननस्तराचा थोडासा भाग नखाच्या बुडाशी पांढरट चंद्रकोरीच्या रूपाने दिसतो, बहुतेक भाग मात्र मागच्या कातडीखाली दडलेला असतो. महत्त्वाची गोष्ट अशी की जननस्तर सरळ आडवा नसतो. त्याची दोन्ही टोके बाजूंना वळून, हाडाच्या कडेला बिलगून, मागे आणि खाली खोलवर गेलेली असतात. या टोकांना शल्यचिकित्सक जननस्तराची शिंगे म्हणतात. रुतणारी कड या शिंगातूनच निपजत असल्यामुळे शस्त्रक्रियेच्या दृष्टीने अंगठ्यातील ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत जास्त निसटणारी जागा होय. नखाच्या बाजूंना कातडीची जी उंच घडी असते तिला नखवेष्टन म्हणतात, आणि निरोगी पायात ही घडी व नखाची कड यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते, जिच्यातून नखाची कड सरकत सरकत पुढे वाढते. ही वाढ महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर एवढ्याच गतीने होत असल्याने अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत नव्याने येण्यास साधारण १२ ते १८ महिने लागतात. नखशय्येखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो, ती थेट हाडाच्या आवरणावर बसलेली असते, आणि त्यामुळे दुर्लक्षित संसर्गाला हाडापर्यंत पोहोचण्यासाठी फार अंतर कापावे लागत नाही.

नख रुतण्याची सुरुवात बहुधा नखाचा कोपरा चुकीचा कापण्यापासून होते. कोपरा गोलाकार आणि खोलवर कापताना नेलकटर सर्वांत आतल्या टोकापर्यंत पोहोचत नाही, त्या जागी नखाची एक बारीक अणकुचीदार सळी शिल्लक राहते, आणि नख पुढे वाढू लागले की ही सळी खाचेच्या तळाशी कातडीत घुसते. कातडीच्या दृष्टीने ती बाहेरून शिरलेली वस्तूच असते, म्हणून शरीर तिच्याभोवती दाह उत्पन्न करते, सूज येते, सुजलेले मांस नखावर आणखी दाबले जाते, आणि त्या दाबाने सळी आणखी आत जाते. दुखणारा कोपरा अधिकच खोल कापण्याचा मोह रुग्णाला होतो. दोन दिवस आराम पडतो, पण महिन्याभरात तीच सळी आणखी मागून वाढत येते. चवड्याला आवळणारे बूट, घामाने सतत भिजणारे आणि त्यामुळे मऊ पडलेले पाय, अंगठ्यावर पडलेले जड वस्तूचे घाव, फुटबॉलसारखे खेळ, तसेच मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन किंवा कर्करोगावरील काही औषधे यांचीही या विकाराला साथ मिळते. काही जणांचे नखच आडवे इतके वळलेले असते की दोन्ही कडा चिमट्यासारख्या मांसाला धरून ठेवतात. या चिमटा-नखाचा विचार वेगळा करावा लागतो.

अमेरिकी शल्यचिकित्सक हाइफेट्झ यांनी १९३७ मध्ये केलेली या विकाराची तीन टप्प्यांतली विभागणी आजही वापरात आहे. पहिल्या टप्प्यात कडेला लाली, किंचित सूज आणि दाबल्यास वेदना असते. दुसऱ्यात संसर्ग होऊन पू किंवा पाणी वाहू लागते. तिसऱ्यात खाचेतून लालभडक, हात लागताच रक्त येणारा मांसाचा कोंब वर येतो आणि नखवेष्टन जाड होऊन नखावर पसरते. हा कोंब म्हणजे जखम भरण्यासाठी शरीराने तयार केलेली, पण नखाची टोचणी थांबत नसल्यामुळे वाढतच राहिलेली नवी ऊती असते. त्यामुळे नुसता कोंब जाळून किंवा खुडून टाकण्याने काही साधत नाही. टोचणारे नख दूर झाले की तो बहुधा आपोआप आक्रसतो.

पहिल्या टप्प्यात आणि दुसऱ्याच्या आरंभी शस्त्रक्रियेची घाई करू नये, याबद्दल फारसे दुमत नाही. कोमट पाण्यात रोज दोन-तीन वेळा पाय बुडवणे, नखाचा कोपरा किंचित उचलून त्याखाली कापसाची बारीक वात सारणे, चिकटपट्टीने बाजूचे मांस नखापासून दूर ओढून धरणे, उभी चिरलेली प्लास्टिकची बारीक नळी नखाच्या कडेवर बसवणे, अशा उपायांनी कोपरा मांसाच्या पुढे वाढून येईपर्यंत वेळ काढता येतो आणि बरेच रुग्ण तेवढ्यावर बरे होतात. या उपायांना काही आठवडे, कधी काही महिने चिकाटी लागते. त्यांनी गुण येत नसेल, त्रास वारंवार उलटत असेल किंवा विकार तिसऱ्या टप्प्यात गेला असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय राहत नाही.

नखाच्या विकारांवर शस्त्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेतील क्षुद्ररोगांच्या प्रकरणात नखाच्या मांसात दाह आणि पाक होणाऱ्या 'चिप्प' या व्याधीचे वर्णन असून तिच्यावर गरम पाण्याचे सिंचन आणि छेदन सांगितले आहे. अर्थात आजचा रुतलेल्या नखाचा विकार आणि चिप्प हे एकच, असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण ते वर्णन नखाभोवतीच्या कोणत्याही पिकणाऱ्या सुजेला, म्हणजे मराठीत ज्याला नखुर्डे म्हणतात त्यालाही, लागू पडते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमधील ख्यातनाम शल्यचिकित्सक द्युप्वित्रां हे कात्रीचे टोकदार पाते नखाखाली सारून नखाचे उभे दोन भाग करीत आणि चिमट्याने ते उपटून काढीत. भुलेचा शोध अजून लागायचा होता, तेव्हा रुग्णाच्या वेदनांची कल्पनाच केलेली बरी. भूल आली, वेदना गेली, पण नख उपटण्याची पद्धत मात्र पुढेही तशीच चालू राहिली.

नुसते नख उपटणे अपुरे का ठरते, हे वर सांगितलेल्या रचनेवरून उघड होते. उपटला जातो तो मृत नखपट्ट. जननस्तर आणि त्याची शिंगे जागच्या जागी राहतात आणि काही महिन्यांत तेवढ्याच रुंदीचे नख पुन्हा तयार करतात. हरळीची पाती खुडून मुळ्या तशाच ठेवाव्यात, तशातलाच हा प्रकार आहे. शिवाय नखपट्टाचा वरचा दाब नाहीसा झाल्यामुळे अंगठ्याच्या टोकाचे मांस मधल्या काळात वर उचलले जाते, नवे नख पुढे येताना त्या मांसाच्या भिंतीवर आदळते, आणि आधी फक्त बाजूला रुतणारे नख आता समोरूनही रुतू लागते. निव्वळ नख काढल्यानंतर विकार उलटण्याचे प्रमाण काही अभ्यासांत शंभरात ७० पर्यंत गेलेले आहे. तीव्र संसर्गात पू मोकळा करण्यासाठी तात्पुरता उपाय म्हणून नखाची कड काढणे समर्थनीय आहे. परंतु तो कायमचा इलाज म्हणून रुग्णापुढे ठेवणे, आणि तेही संपूर्ण नख काढून, हे आज कोणत्याही शास्त्रीय आधारावर टिकत नाही. एकाच अंगठ्याचे नख दोन-दोन, तीन-तीन वेळा काढून घेतलेले रुग्ण आजही भेटतात, ही वस्तुस्थिती म्हणूनच क्लेशदायक आहे.

आज सर्वाधिक वापरली जाणारी आणि बहुतेक रुग्णांना योग्य ठरणारी पद्धत म्हणजे नखाची केवळ रुतणारी कड काढून तिच्यामागील जननस्तराचे शिंग फेनॉलने नष्ट करणे. फेनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी १८३४ मध्ये ते कोळशाच्या डांबरातून वेगळे केले आणि ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमांतील जंतुसंसर्ग रोखण्यासाठी वापरून शल्यचिकित्सेचे रूपच पालटले. नखाच्या मुळावर ते वापरण्याची पद्धत अमेरिकेतील पादचिकित्सक ऑटो बॉल यांनी १९४५ मध्ये मांडली. फेनॉलच्या ठायी या कामासाठी तीन गुण एकत्र आले आहेत: ते प्रथिने गोठवून पेशी मारते, जंतूंचा नाश करते, आणि मज्जातंतूंची टोकेही निकामी करत असल्यामुळे भूल उतरल्यावर होणाऱ्या वेदना कमी करते.

शस्त्रक्रियेचा क्रम असा असतो. रुग्ण उताणा झोपतो आणि अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन फक्त अंगठा बधिर केला जातो. सर्व प्रक्रियेत खऱ्या अर्थाने दुखते ते हे इंजेक्शन, आणि ते बारीक सुईने व सावकाश दिल्यास ती वेदनाही सुसह्य होते. संपूर्ण भुलेची गरज फक्त लहान किंवा अतिशय घाबरलेल्या मुलांना पडते. भुलेच्या औषधात ॲड्रेनलिन मिसळून बोटांत टोचू नये, असा जुना दंडक आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत ती भीती अतिरंजित असल्याचे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले असले, तरी रक्तपुरवठा मुळातच कमी असलेल्या पायात हा दंडक पाळणेच श्रेयस्कर होय. अंगठा बधिर झाल्यावर त्याच्या बुडाशी रबरी पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवतात, कारण रक्त मिसळले की फेनॉल पातळ होऊन त्याची धार जाते. मग चपटे बोथट अवजार नखाच्या कडेखाली सरकवून तेवढाच भाग नखशय्येपासून सुटा करतात, साधारण तीन ते पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी टोकापासून मागच्या कातडीखालपर्यंत सरळ कापतात आणि चिमट्यात धरून नखाच्या मध्याकडे पिळत ती अखंड बाहेर काढतात. पट्टीचे मागचे टोक पिसासारखे मऊ आणि पांढरट दिसले, तर ती मुळापासून निघाली असे समजायचे. ते तुटके दिसले, तर उरलेला तुकडा शोधावाच लागतो.

यानंतर भोवतालच्या कातडीवर व्हॅसलिन लावून तिचे संरक्षण करतात आणि सुमारे ८८ टक्के तीव्रतेच्या फेनॉलमध्ये भिजवून निथळलेला कापसाचा बारीक बोळा मागच्या खोबणीत, जननस्तराच्या शिंगापर्यंत पोहोचवून चोळतात. एकूण एक ते तीन मिनिटे, बोळा बदलत बदलत हे केले जाते. वेळ कमी पडल्यास मूळ जिवंत राहते, आणि फार लांबल्यास हाडाच्या आवरणाला इजा होऊन जखम आठवडेच्या आठवडे वाहते. शेवटी स्पिरिटने किंवा सलाइनने जागा धुतात. स्पिरिट फेनॉलचा परिणाम रासायनिक रीतीने मोडते असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात ते फेनॉल विरघळवून वाहून नेते एवढेच. ही सारी प्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, टाका एकही पडत नाही आणि रुग्ण चालत घरी जातो.

रबरी पट्ट्याबाबत एक इशारा येथेच दिला पाहिजे. अंगठ्यावर मोठी मलमपट्टी चढवताना आतला पट्टा काढायचा राहून गेला, तर काही तासांत अंगठा काळा पडू शकतो, आणि भुलेमुळे रुग्णाला त्याची जाणीवही होत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये याविषयी देशभरच्या रुग्णालयांना सूचना काढली होती. पट्टा ठळक रंगाचा असावा, तो चिमट्याने धरून लोंबता ठेवावा आणि काढल्याची नोंद करावी, हे नियम साधे असले तरी त्यांच्यावर एका माणसाचा अंगठा अवलंबून असतो. पट्टी बांधण्यापूर्वी अंगठ्याचा रंग पुन्हा गुलाबी झाला की नाही, हे शल्यचिकित्सकाने पाहिलेच पाहिजे.

फेनॉलनंतर विकार उलटण्याचे प्रमाण बहुतेक अहवालांत शंभरात पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळते. रुतलेल्या नखावरील २४ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यातही विकार उलटू न देण्याच्या बाबतीत शस्त्रक्रिया ही इतर उपायांपेक्षा सरस ठरली, आणि नख काढण्याला फेनॉलची जोड दिल्यास गुण अधिक टिकतो असे दिसले. या पद्धतीची उणीव अशी की रासायनिक जखम हळू भरते: दोन ते चार आठवडे तिच्यातून पिवळसर पाणी झिरपत राहते, आणि त्याला पू समजून रुग्ण व कधीकधी डॉक्टरही प्रतिजैविके सुरू करतात. वाढती वेदना, वर चढत जाणारी लाली, दुर्गंधी किंवा ताप नसेल, तर हे झिरपणे अपेक्षितच असते. फेनॉल त्वचेतून शोषले जात असल्याने गरोदर स्त्रियांमध्ये ते टाळतात, मात्र एका अंगठ्यासाठी लागणारे प्रमाण इतके अल्प असते की इतरांना त्यापासून धोका संभवत नाही.

फेनॉलऐवजी १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल, विद्युतदाहक, रेडिओलहरी किंवा कार्बन डायऑक्साइड लेसर वापरूनही मूळ जाळता येते. सोडियम हायड्रॉक्साइडची जखम लवकर भरते असा अनुभव आहे. लेसरसाठी यंत्राचा खर्च वाढतो, पण त्या प्रमाणात फळ वाढल्याचे दिसत नाही. साधन कोणते यापेक्षा ते शिंगापर्यंत पोहोचले का, हे अधिक महत्त्वाचे.

दुसरा मोठा वर्ग शस्त्राने मूळ कापून काढण्याच्या पद्धतींचा आहे. त्यांतली सर्वपरिचित पद्धत विनोग्राड यांनी १९२९ मध्ये मांडली. तीत नखाच्या कडेपासून काही मिलिमीटर आत उभा छेद घेऊन, नखपट्टाची पट्टी, तिच्याखालची नखशय्या, मागचे जननस्तराचे शिंग आणि जाड झालेले नखवेष्टन असा पाचरीच्या आकाराचा सलग तुकडा हाडापर्यंत काढतात आणि उरलेल्या कडा टाक्यांनी जुळवतात. तिसऱ्या टप्प्यात, नखवेष्टन फुगून टणक झाले असेल तर ही पद्धत उपयोगी पडते, कारण एकाच वेळी नख, मूळ आणि मांस या तिन्हींचा समाचार घेतला जातो. जखम टाक्यांनी बंद होत असल्याने झिरपणे कमी आणि भरणे जलद. उलट पहिल्या काही दिवसांतील वेदना फेनॉलपेक्षा अधिक. यश मात्र करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. शिंग नजरेस पडत नाही, ते हाडाच्या कडेला खाली वळलेले असते, आणि छेद पुरेसा मागे व पुरेसा खाली गेला नाही तर त्याचा एक कण शिल्लक राहून काही महिन्यांनी कातडीतून नखाचा काटा उगवतो. उघड पू असताना टाके घालून जखम बंद करणे धोक्याचे असल्यामुळे आधी संसर्ग शमवावा लागतो, तर फेनॉल पद्धतीत थोडाफार संसर्ग असला तरी थांबण्याचे कारण नसते.

या सगळ्या पद्धतींनी नखालाच आरोपी ठरवले आहे. १९५९ मध्ये अमेरिकी लष्करी वैद्यकाच्या नियतकालिकात व्हँडेनबॉस आणि बॉवर्स यांनी नेमके हेच गृहीतक नाकारले. त्यांच्या मते रुतलेल्या नखाच्या रुग्णांचे नख सामान्यच असते. पायावर शरीराचा भार पडला की नखाच्या दोन्ही बाजूंचे अतिरिक्त मांस वर दाबले जाते, आणि ते नखाच्या कडेवर आदळून चिरडले जाते. दोष मांसाचा असेल, तर निरपराध नखाला आणि त्याच्या मुळाला हात का लावावा? म्हणून त्यांनी नख जसेच्या तसे ठेवून त्याच्या बाजूचे मांस मोठ्या लंबगोल तुकड्याच्या रूपात, जवळपास तीन सेंटिमीटर लांबीपर्यंत, काढून टाकले आणि जखम टाके न घालता खालून वर आपोआप भरून येऊ दिली. जखम भरल्यावर जो व्रण तयार होतो तो आक्रसतो, बाजूची घडी सपाट होते आणि नखाची कड मोकळी राहते. पुढे १९८७ मध्ये पिअर्सन व सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या नखांची तुलना केली, तेव्हा दोहोंच्या नखांत कोणतीही विकृती वेगळी काढता आली नाही, आणि मांसाला दोषी ठरवणाऱ्या विचाराला त्यामुळे बळ मिळाले. ब्राझीलमधील त्वचारोगतज्ज्ञांनी प्रचारात आणलेली, अंगठ्याच्या दोन्ही बाजू आणि टोक मिळून घोड्याच्या नालासारख्या आकारात मांस काढणारी पद्धत याच विचाराचा विस्तार आहे.

हा विचार पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नाही, याची खंत वाटते. रुतलेल्या नखाच्या तरुण रुग्णांचे पाय पाहिले तर कित्येकांचे नख सपाट आणि सुंदर असते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी मांसाच्या गुबगुबीत कडा वर आलेल्या असतात. अशा पायातील नख कायमचे अरुंद करणे हे चुकीच्या जागी केलेले ऑपरेशन ठरू शकते. मांस काढल्यास नखाची पूर्ण रुंदी टिकते, म्हणून सौंदर्यदृष्ट्या परिणाम उत्तम मिळतो, आणि विकार उलटण्याचे प्रमाणही या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांच्या अहवालांत अगदी नगण्य आहे. किंमत मोजावी लागते ती वेळेची: उघडी जखम भरण्यास चार ते सहा आठवडे, क्वचित अधिकही लागतात, पहिल्या दोन दिवसांत रक्तस्राव बऱ्यापैकी होतो, आणि रोजची मलमपट्टी चुकवून चालत नाही. परीक्षा तोंडावर असलेल्या विद्यार्थ्याला किंवा चिखलात काम करणाऱ्या शेतमजुराला पावसाळ्यात ती परवडत नाही. उलट चिमट्यासारखे वळलेले नख असेल तर दोष खरोखरच नखाचा असतो आणि तेथे मांस काढून उपयोग नसतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसांची नखे चालत्याफिरत्या माणसांपेक्षा जास्त वळलेली आढळतात, असे जपानी संशोधकांनी दाखवले आहे. म्हणजे पावलावर पडणारा भार नखाला सपाट ठेवतो आणि त्याच वेळी बाजूचे मांस वरही ढकलतो. नखवादी आणि मांसवादी हे दोन्ही पक्ष आपापल्या रुग्णांपुरते बरोबर असण्याची शक्यता यातून सूचित होते.

उरलेल्या दोन शस्त्रक्रिया क्वचितच कराव्या लागतात. झाडिक यांनी १९५० मध्ये सांगितलेल्या पद्धतीत मागची कातडी उचलून संपूर्ण जननस्तर काढतात, जेणेकरून त्या अंगठ्याला पुन्हा नखच येऊ नये; वृद्धांचे शिंगासारखे जाड आणि वाकडे झालेले नख किंवा इतर उपायांना दाद न देणारा विकार यांत तिचा विचार होतो, आणि संपूर्ण जननस्तरावर फेनॉल लावूनही तोच परिणाम साधता येतो. अंगठ्याच्या टोकाचे हाड थोडे कापून, नखाची सर्व रचना काढून, तळव्याकडची कातडी वर आणून शिवण्याची शस्त्रक्रियाही ग्रंथांत आहे. साध्या रुतलेल्या नखासाठी तिची गरज जवळजवळ कधीच नसते.

मधुमेह असलेल्या रुग्णाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. अशा पायाची संवेदना बोथट झालेली असल्यास नख रुतल्याचे रुग्णाला कळतच नाही, आणि रक्तपुरवठा अपुरा असल्यास शस्त्रक्रियेची जखम भरत नाही. म्हणून पावलाच्या नाड्या हाताने तपासणे, त्या लागत नसतील तर घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढणे, आणि हाडाला संसर्ग झाल्याची शंका असल्यास एक्स-रे घेणे हे शस्त्र हाती घेण्यापूर्वीचे काम आहे. रक्तपुरवठा चांगला आणि साखर आटोक्यात असेल, तर केवळ मधुमेह आहे म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही; उलट रुतलेले नख तसेच ठेवून देणे हे त्या पायाला अधिक धोक्याचे.

एक्स-रेचा आणखी एक उपयोग असा की नखाखाली हाडाची गाठ वाढली असल्यास ती नखाला वर ढकलते आणि चित्र हुबेहूब रुतलेल्या नखासारखे दिसते. त्याहून गंभीर बाब म्हणजे नखाखालचा त्वचेचा कर्करोग, विशेषतः रंगद्रव्य नसलेला मेलॅनोमा, लालसर मांसाच्या कोंबाचे रूप घेऊन येतो. प्रौढ माणसाच्या अंगठ्यावर, फारसे कारण नसताना आलेला, नख दूर केल्यावरही न आक्रसणारा कोंब फेकून न देता सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी पाठवलाच पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले एक-दोन दिवस पाय उंच ठेवला तर ठणका आणि रक्तस्राव दोन्ही कमी राहतात. पहिली मलमपट्टी साधारण दुसऱ्या दिवशी भिजवून सोडवतात, त्यानंतर रोज स्वच्छ पाण्याने जखम धुऊन कोरडी पट्टी बांधणे पुरते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल सामान्यतः पुरेसे असते. प्रतिजैविके सर्वांना सरसकट देण्याने संसर्ग कमी होतो असे चाचण्यांत आढळलेले नाही, आणि नख काढल्यावर संसर्गाचे मूळ कारणच गेल्यामुळे ते तर्कालाही धरून आहे. पुढून उघडी चप्पल किंवा सँडल घालून बैठे काम करणारा माणूस दोन-तीन दिवसांत कामावर जाऊ शकतो. विनोग्राड पद्धतीचे टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात.

त्रास पुन्हा सुरू झालाच, तर तो कधी सुरू झाला यावरून कारणाचा माग काढता येतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतील वाढती वेदना बहुधा संसर्गाची किंवा आत राहून गेलेल्या नखाच्या तुकड्याची असते. दीड-दोन महिन्यांनंतरही जखम वाहतच राहिली, तर फेनॉलने हाडाच्या आवरणाला इजा झाली आहे का, हे पाहावे लागते. सर्व काही भरून आल्यावर, चार ते आठ महिन्यांनी, मागच्या कातडीच्या कोपऱ्यातून नखाचा बारीक काटा डोकावू लागला, तर शिंगाचा एखादा कण जिवंत राहिला असे समजावे. अशा वेळी पुन्हा संपूर्ण नखाला हात लावू नये. बधिर करून तेवढाच काटा काढावा आणि त्याच्या बुडाशी पुन्हा फेनॉल लावावे.